गोलाणी मार्केट, जळगाव : करप्ट वर्ड फायली काढून देणारं दुकान, चार स्टार

एक स्टार पावती देत नाही म्हणून कापला, ते आधीच सांगून टाकतो, बाकी कामाबद्दल तक्रार नाही. गोलाणीत मोबाईलवाल्यांच्या गर्दीत एवढासा गाळा आहे, दोन गिऱ्हाईकं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. आत गेल्यावर पहिला प्रश्न "काय व्हयनं भो?" आणि दुसरा प्रश्न "यानंतर कोणी हात लावला का याला?" हा दुसरा प्रश्न विचारणारा दुकानदार मला आजवर भेटला नव्हता.

तर मामला असा की आमच्या वहिनींची पीएचडी चालू आहे, अहिराणी लग्नगीतांवर, आणि सगळी प्रकरणं एका पेनड्राईव्हवर. घरचा पीसी, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, वहिनी फाईल डायरेक्ट पेनड्राईव्हवर सेव्ह करत होत्या आणि लाईट गेली. लाईट आल्यावर वर्ड म्हणतं फाईल वाचता येत नाही, आणखी दोन फायली नुसत्या गायबच. गावातल्या एका दुकानात दाखवलं तर त्या भाऊने पेनड्राईव्ह लावल्या लावल्या विंडोजने विचारलं त्या "स्कॅन अँड फिक्स"वर क्लिक मारलं आणि मग म्हणे फॉरमॅट करावा लागेल, डेटा गेला. मग एका ऑनलाईन रिपेअर साईटवर टाकून बघितली, ती अर्धं पान धूसर दाखवते आणि पुढचं बघायला डॉलरमध्ये पैसे मागते, वर तुमचा अख्खा प्रबंध कुठल्या सर्व्हरवर जाऊन बसला कोण जाणे. शेवटी अमळनेरहून गाडी पकडून जळगाव.

गोलाणीवाल्याने काय केलं, तर पेनड्राईव्हला हातच नाही लावला म्हणा ना. आधी सगळ्या पेनड्राईव्हची जशीच्या तशी इमेज, म्हणजे अख्ख्या ड्राईव्हची हुबेहूब नक्कल, काढून स्वतःच्या हार्डडिस्कवर घेतली आणि ओरिजिनल पाकिटात घालून वहिनींच्या हातात परत दिला, "ताई, आता यावर काहीच कॉपी करू नका". कारण सरळ आहे, डिलीट झालेली फाईल लगेच पुसली जात नाही, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मात्र कायमची जाते. (म्हणून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राईव्हवर टाकणारे लोक बघितले की मला कसंतरी होतं.)

मग गायब फायली. त्या स्कॅन अँड फिक्सने तुकडे गोळा करून एका "फाऊंड" नावाच्या फोल्डरमध्ये टाकले होते, सीएचके एक्स्टेंशनच्या (नावात टिंबानंतर जे येतं ते) फायली, ज्या आपण कचरा समजून उडवतो. त्याने एकेक नोटपॅडमध्ये उघडली, सगळी गिचमीड, पण दोन फायलींची सुरुवात "पीके" या अक्षरांनी. म्हणे ही झिप आहे, म्हणजे अनेक फायली दाबून बांधलेलं एक गाठोडं, आणि वर्ड 2007 पासूनची डॉकएक्स फाईल आतून झिपच असते. एक्स्टेंशन बदलून डॉकएक्स केलं, पहिली फाईल वर्डमध्ये धाडकन उघडली, वहिनींच्या डोळ्यात पाणीच यायचं बाकी होतं. दुसरी मात्र शेपटाकडून तुटलेली निघाली. झिपमध्ये आतल्या सगळ्या सामानाची यादी शेवटी असते, ती गेली म्हणून वर्डला काही सापडेना, मग त्याने झिप दुरुस्त करून आतली डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल बाहेर काढली, तीत मजकूर पूर्ण होता. तळटीपा वेगळ्या फाईलमध्ये असतात, त्याही आल्या. फोटो गेले, आणि ठळक-तिरपं, हेडिंगं सगळं परत करावं लागणार, पण गीतं शाबूत, एकही ओळ गेली नाही.

लाईट जाताना जी उघडी होती ती फाईल सगळ्यात वाईट. साईज दाखवत होती बरोबर, आत मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसते शून्य. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवलं आणि म्हणाला हिचं काही होणार नाही, हिचे पैसेही घेत नाही, आणि दुसरा कोणी करून देतो म्हणाला तर त्यालाही देऊ नका. मग म्हणाला ही टाईप कुठल्या पीसीवर केली होती? पेनड्राईव्हवरची फाईल असली तरी वर्ड त्याची ऑटोरिकव्हर कॉपी (आपोआप सेव्ह होणारी) पीसीच्या सी ड्राईव्हवर ठेवतं, सेटिंग बदललं नसेल तर दर 10 मिनिटांनी. घरी फोन लावून भावाकडून ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, वर्ड असं एकेक फोल्डर उघडून घेतलं, हे फोल्डर लपवलेलं असतं म्हणून आधी हिडन फायली दाखवायचं ऑप्शन चालू करावं लागलं, भाऊ वैतागला, पण एएसडी फाईल, म्हणजे तीच ऑटोरिकव्हरची कॉपी, तिथे होती. शेवटचे दोन परिच्छेद सोडले तर प्रकरण हजर.

एक गंमत राहिलीच. एका जुन्या प्रकरणाला आम्ही करप्ट समजत होतो, उघडलं की इंग्रजी अक्षरं आणि त्यावर टिंबं, टोप्या. ते करप्ट नव्हतंच, डीटीपीवाल्याकडून युनिकोड (म्हणजे कुठल्याही पीसीवर मराठी मराठीच दिसेल असं) नसलेल्या जुन्या फाँटात टाईप करून घेतलेलं आणि तो फाँट घरच्या पीसीवर नाही. दुकानदाराने कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड करून दिलं, पण रफार आणि काही जोडाक्षरं हलली आहेत, हे प्रकरण डोळ्यात तेल घालून वाचावं लागणार. गीतात "ळ"चा "य" झालाय की गाणाऱ्या बाईनेच तसं म्हटलंय हे वहिनींनाच कळणार.

सगळ्याचे मिळून 800 घेतले. वर्डमधल्या "ओपन अँड रिपेअर"ने उघडणारी फाईल असेल तर पैसेच घेत नाही, ओपनच्या खिडकीत ओपन बटणाशेजारी बाण असतो तो कसा दाबायचा ते दाखवतो आणि घरी पाठवतो. पावती मागितली तर हसतो. फोन उचलत नाही, व्हॉट्सॲप करा, संध्याकाळी रिप्लाय येतो. चिप तुटलेला किंवा पाण्यात पडलेला पेनड्राईव्ह घेत नाही, पुण्या-मुंबईला पाठवा म्हणतो. लॅपटॉपच्या एसएसडीवरून (हार्डडिस्कच्या जागी येणारी चिपवाली डिस्क) डिलीट झालेली फाईल असेल तर जाण्याआधी व्हॉट्सॲपवर विचारून घ्या, एसएसडी बऱ्याचदा जागा स्वतःच साफ करून टाकते, उगाच भाड्याचा भुर्दंड. दुपारी जेवायला बंद असतं.