व्हॉइस रेकॉर्डर आणि माझे लेखन : आठ महिन्यांनंतर

मी रावेर तालुक्यात राहतो आणि शेतीविषयक लेख लिहितो. गेले आठ महिने फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर मी दोन कामांसाठी वापरत आहे : शेतकऱ्यांचे बोलणे त्यांना विचारून नोंदवून घेणे, आणि लेखाचा कच्चा खर्डा मोठ्याने वाचून दुसऱ्या दिवशी ऐकणे.

जूनमधल्या वादळावरील लेखाचे माझे पहिले वाक्य होते, ‘वादळी वाऱ्यामुळे परिसरातील केळीबागांचे अपरिमित नुकसान झाले.’ ऐकताना जाणवले की, हे वाक्य कोणत्याही वर्षी, कोणत्याही गावाविषयी, बांधावर पाय न ठेवताही लिहिता आले असते. मग मूळ ध्वनिमुद्रण लावले. शेतकरी म्हणाला होता, ‘‘बाग झोपली. घड भरलेले होते, कापणीला पंधरा दिवस होते.’’ मी त्याचेच शब्द घेतले आणि ‘अपरिमित’च्या जागी कारण लिहिले : केळीचे खोड म्हणजे पानांच्या तळाच्या आवरणांचे एकमेकांवर घट्ट बसलेले थर असतात, त्यात लाकूड नसते, म्हणून घड भरलेले झाड जोराच्या वाऱ्यात तग धरत नाही.

त्याच फाइलवरील तारखेने आणखी एक चूक दाखवली. मी ‘वादळ शमताच बागेत पोहोचलो’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी गेलो होतो. ते वाक्य मी खोडले, आणि माझ्या मते या साधनाचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

उणिवाही आहेत. शेतात वाऱ्यामुळे आवाज फाटतो. बोलण्याचे आपोआप लेखन करणाऱ्या सोयी लेवा बोलीतले शब्द परस्पर प्रमाण मराठीत बदलतात, त्यामुळे मी ऐकून हातानेच लिहून काढतो आणि वीस मिनिटांच्या बोलण्याला दीड तास लागतो. शिवाय स्वतःचे वाक्य वाचताना आपण योग्य ठिकाणी थांबत असल्याने गुंतागुंतीचे वाक्यही सरळ वाटते. म्हणून आता खर्डा मी पुतणीकडून वाचून घेतो आणि ती जिथे अडखळते तिथे खूण करतो.

रेकॉर्डर बोलणाऱ्याची चूकही जशीच्या तशी जपतो. छापण्यापूर्वी त्या शेतकऱ्याला त्याचे वाक्य फोनवर वाचून दाखवले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘भाऊ, वही पाहिली. पंधरा नाही, वीस दिवस होते.’’ लेखात वीस छापले.