ट्रॅकबॉल ‘ट्यून’ करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध: माझे १४,३५० रुपये गेले

एकूण १४,३५० रुपये गेले, आणि वर माझा तीन इंची ट्रॅकबॉलही गेला, म्हणजे व्हिडिओ गेम खेळताना तळहाताने फिरवायचा तो चेंडू, त्याच्या सांगाड्यासकट. पैशांपेक्षा बॉलचा राग जास्त आहे. भावाने तो अमेरिकेहून सामानातून आणला होता, स्टीलच्या रोलरचा, आणि तसा इथे सहज मिळत नाही. घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे जुन्या गेम पार्लरसारखी उभी मशीन, बांधणारे आपण मोजके लोक, सुटे भाग मिळवताना जीव मेटाकुटीला येतो, हे ओळखूनच हा माणूस आपल्यात फिरतोय.

माझी अडचण अशी होती. ‘मिसाइल कमांड’ आणि ‘सेंटीपीड’ हे खेळ बऱ्यापैकी चालायचे. पण ‘गोल्डन टी’ या गोल्फच्या खेळात फटका मारायला बॉल जोरात फिरवला की खेळ तो उलट्या दिशेने धरायचा. बॉल थोडा जडही झाला होता. आपल्या ग्रुपवर विचारलं, तर लगेच या माणसाचा खासगीत मेसेज आला: “बेअरिंग गेलेत सर. इम्पोर्टेड सेट टाकून ट्यूनिंग करून देतो, लोण्यासारखा फिरेल.”

हे निदानच खोटं होतं. बॉल तीन रोलरवर बसतो, प्रत्येक रोलरला दोन बेअरिंग. त्यातल्या दोन रोलरच्या टोकाला खाचांची चकती असते. चकती फिरते तसा इन्फ्रारेड किरण अडतो, सुटतो, आणि बॉल कॉम्प्युटरला जोडणारा यूएसबी बोर्ड ते मोजतो. बॉल बोर्डाच्या मोजण्याच्या वेगापेक्षा जोरात फिरला की बोर्डाचा हिशोब चुकतो आणि दिशाच उलटी दिसते. बॅकस्पिन म्हणतात तो हाच. बेअरिंग कितीही भारी टाका, तो जात नाही. उलट बॉल अधिक मोकळा झाला तर वाढतो! माझा यूएसबी बोर्ड बदलायला हवा होता, बॉल घराबाहेर काढायची गरजच नव्हती. आणि हा धंदा करणाऱ्याला एवढं माहीत नसेल, यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आधी ६,५०० रुपये ॲडव्हान्स. यूपीआयवर नाव भलतंच दिसलं, तर म्हणे “मेव्हण्याचं खातं आहे.” बॉल कुरिअरने त्याच्याकडे पोचल्यावर “सेट महाग पडला” म्हणून आणखी ३,८५०. मग त्याने व्हिडिओ पाठवला.

तो व्हिडिओ मी आता पुन्हा पुन्हा बघतो. टेबलावर माझा बॉल गरगर फिरतोय, मागच्या स्क्रीनवर कर्सर सुळसुळ पळतोय, आणि ट्रॅकबॉलची वायर टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतेय. तिचा कनेक्टर मोकळा आहे, कशालाच जोडलेला नाही! कर्सर दुसराच कोणीतरी माउसने हलवत होता. सगळं समोर होतं. पण मी तो रात्री फोनच्या छोट्या स्क्रीनवर बघितला, आणि माझी नजर बॉलवर होती, कारण बघायचं होतं ते तेच. ग्रुपमधल्या दोघांनी त्याचं भरभरून कौतुक केलं होतं. ते दोन्ही नंबर त्याच आठवड्यात ग्रुपमध्ये आले होते, हे नंतर कळलं. माझ्या जागी कोणीही फसला असता. व्हिडिओत फक्त बॉल बघू नका, वायर कुठे जाते ते बघा, आणि रेकॉर्ड केलेला व्हिडिओ घेऊच नका, व्हिडिओ कॉल करायला लावा.

शेवटचे ४,००० “कुरिअर विम्याचं डिपॉझिट, पार्सल पोचलं की परत.” बॉल त्याच्या ताब्यात होता, मी दुसरं काय करणार होतो? डिपॉझिट हा शब्द आला की तिथेच थांबा.

पार्सल आलं. बाहेरचा सांगाडा माझाच, कोपऱ्यातल्या ओरखड्यासकट. आत प्लास्टिकचे रोलर, वेगळाच बोर्ड, आणि हलका बॉल. त्याचा फोन तेव्हापासून बंद.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन केला, तक्रार नोंदली गेली, क्रमांक आला. तो क्रमांक घेऊन बँकेत गेलो तर उत्तर ठरलेलं: “पिन तुम्हीच टाकलात ना? मग हा अनधिकृत व्यवहार नाही.” त्या खात्यात अजून पैसे आहेत का, एवढं तरी बघा म्हटलं, तर “मेल करा.” मेलला आलेलं उत्तर म्हणजे ओटीपी कोणाला देऊ नका. मी ओटीपी दिलाच नव्हता! चौकीवर त्याहून वाईट. “खेळण्यासाठी एवढे पैसे?” हा पहिला प्रश्न. मग “वस्तू मिळाली ना, मग ही दिवाणी बाब आहे.” खोटं बोलून पैसे घेतले, माझी वस्तू काढून दुसरी भरली, ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली फसवणूक नाही तर काय आहे? अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नव्हते. मी हटून बसलो, तेव्हा शिक्का मिळाला. साहेब रजेवर, साहेब बंदोबस्ताला, साहेब मीटिंगला. व्हिडिओतली ती लोंबती वायर मी फोनवर दाखवली, तर कोणी मान वर करून बघितलं नाही. रक्कम लहान म्हणून गुन्हा लहान, असं कायद्यात कुठे लिहिलंय? असे १४,३५० त्याने किती जणांकडून घेतले, हे कोण मोजणार? तुम्ही गेलात तर अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही मी तक्रार टाकली आहे.

आणि बॉल कोणाकडेही पाठवू नका. जड झाला असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा, रोलरवरचा काळा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस धुऊन शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. कॉम्प्युटरमधलं माउस ॲक्सिलरेशन, म्हणजे हात जोरात हलला की कर्सर जास्तच पळवणारी सेटिंग, बंद करा. बॅकस्पिन असेल तर बोर्ड बदला. पाठवणं अगदीच भाग पडलं तर आधी रोलर, चकत्या, बोर्ड यांचे जवळून फोटो काढा. माझ्याकडे फक्त बाहेरचे होते, आणि चौकीवर तेच आडवं आलं.

गेल्या आठवड्यात त्याचीच जाहिरात नव्या नंबरवरून परत फिरू लागली आहे. फोटोत लाल नॅपकिनवर ठेवलेला पांढरा बॉल आहे, बाजूला निळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर. तो बॉल माझा आहे. ही जाहिरात दिसली तर नंबर आणि तारखेसकट स्क्रीनशॉट मला पाठवा, मी तो तक्रारीला जोडतोय.