ओरिजिनल म्हणून रेप्लिका गळ्यात मारली, ४९,७४० रुपये गेले

सांगायची लाज वाटते, तरी लिहितोय, कारण ‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्या तलवारीची नकली मूठ मला खरी म्हणून विकणारा माणूस पुन्हा विकायला बसलाय.

१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या नायक ल्यूकच्या लाइटसेबरची (प्रकाशाच्या पात्याच्या तलवारीची) मूठ म्हणजे मुळात ग्राफ्लेक्सच्या प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा, आत तीन मोठे सेल बसणारा. सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांना तो लंडनच्या फोटोच्या दुकानात मिळाला. म्हणून मला खराच हवा होता. रेप्लिका वाईट नसते, माझ्याकडेही दोन आहेत. पण ओरिजिनलच्या भावात रेप्लिका विकणं ही चोरीच.

दांड्याचे ३६,४००, पोस्टेज ४,८५०, बँकेचं शुल्क १,१८० आणि कस्टम्सचे ७,३१०. विकणारा ‘आजोबांच्या कपाटात सापडला’ म्हणाला. साइटचं कमिशन वाचेल म्हणून थेट खात्यावर पैसे मागितले. असे पैसे कधीच पाठवू नका.

मी नवखा नाही, सहा वर्षं प्रॉप, म्हणजे सिनेमातल्या वस्तूंच्या प्रतिकृती, बनवतोय. दांड्याच्या बुडावरच्या कंपनीच्या शिक्क्याचा फोटो मागितला, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. फोटो आला, त्यात चिठ्ठी नव्हती. तिथेच थांबायला हवं होतं! पण ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ असा त्याचा मेसेज आला आणि रात्री साडेअकराला मी पैसे पाठवले. असा दांडा हातचा जाऊ देणं सोपं नसतं, ते हा छंद असलेल्यालाच कळेल.

पार्सल उघडलं तेव्हा ताज्या पॉलिशचा वास आला. वरून सगळीकडे सारख्या घासल्याच्या खुणा, पण बोटं जिथे रोज लागतात ती क्लॅम्पची (दांड्याभोवतीच्या पकडीची) खिट्टी कोरी करकरीत. आत सेलचा एक डाग नाही. शिक्क्याची अक्षरं बोथट, साच्यातून काढल्यासारखी. आतला फोटो आधी मागा, बाहेरून जुनं करणं सोपं असतं.

चौकीत विचारलं, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कुठली?” बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकलात. हेल्पलाइनने चौकीत पाठवलं, चौकीने पुन्हा हेल्पलाइनकडे. तीन हेलपाटे, दोन रजा. शेवटी अर्ज घेतला, त्यात वस्तू म्हणून ‘जुनी विजेरी’ लिहिलं. दुरुस्त करा म्हटलं तर साहेब जेवायला गेले.

परवा त्याच्याच नव्या जाहिरातीत तसाच दांडा दिसला. खाली तोच हिरवा टॉवेल, टेबलाचा तोच टवका उडालेला कोपरा. हा फोटो कुणाला आला तर एक पैसाही पाठवू नका.