सोळा हजार पाचशेचे बांधकामाचे ब्लॉक

खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीसाठी 'इम्पोर्टेड सिरॅमिक मीडिया', म्हणजे पाणी साफ ठेवणाऱ्या जिवाणूंना राहायला लागणारे सच्छिद्र ठोकळे, फोनवरून मागवणार असाल तर थोडं थांबा. मी धुळ्यात देवपूरला राहतो. इथे गप्पी-मॉलीसारखे गोड्या पाण्यातले मासे हवे तेवढे मिळतात, पण समुद्री टाकीचं सामान बाहेरूनच मागवावं लागतं. माल हातात घेऊन बघायची सोय आपल्याला नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आधी हिशेब. आठ बाय आठ बाय चार इंचाचे चार ठोकळे, प्रत्येकी २,४५०, म्हणजे ९,८००. फॉस्फेट ओढणारा दाणेदार फेरिक ऑक्साईड एक किलो, ४,२००. कार्बन १,८५०. कुरिअर ६५०. एकूण १६,५००. मेलेले मासे, म्हणजे क्लाऊनची जोडी आणि डॅमसेल, यांचे २,९०० वेगळे.

लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला प्रवाळाचा खडक) का नाही घेतला, हे विचारू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. उद्या वनखातं दारात आलं तर कोण सोडवणार? म्हणून सच्छिद्र सिरॅमिक. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू त्याच्या भोकांत राहतात. कायदा पाळणारा माणूस पाहून विकणाऱ्याने बरोबर नस पकडली. माझ्या टाकीत जिवाणूंसाठी बायोबॉल, म्हणजे प्लॅस्टिकचे जाळीदार गोळे होते. म्हणाला, "साहेब, आधी ते बायोबॉल काढून फेका, नायट्रेटचा कारखाना आहे तो." हे बोलणं छंदातले जाणकारही करतात, म्हणून मला खटकलं नाही. (जुना मीडिया एकदम कधीच काढू नका. नवा त्याच्या शेजारी ठेवून महिनाभर दोन्ही चालवा.)

पैसे पाठवताना स्क्रीनवर दुकानाचं नाव नव्हतं, कुणा बाईचं होतं. पण आपल्याकडे अर्ध्या दुकानांत घरच्यांच्या नावाचाच क्यूआर लावलेला असतो. त्यावरून संशय घ्यायचा तर दूधही घेता येणार नाही.

खरी वेळ नंतर आली, आणि ती आठवली की अजून डोकं तापतं. ठोकळा बादलीत टाकला आणि तो तरंगला. चारही तरंगले! ओढून खाली दाबले तरी वर. मी लगेच फोन केला, तर तो हसून म्हणाला, "आत हवा आहे साहेब. जितकी हवा तितकं बॅक्टेरियाला घर. दोन दिवसांत बसेल." आणि बसलेही ना! भिजून जड झाले आणि बसले. सांगा, यावर कोणी काय शंका घेणार?

सांध्याला पाणी झिरपतं म्हणून गवंडी बोलावला होता. त्याने गच्चीवर वाळत ठेवलेला एक तुकडा उचलला, नखाने खरवडला आणि म्हणाला, "साहेब, हा तर भिंतीचा एएसी ब्लॉक. चोवीस इंचाचा असतो, बरोबर तीन तुकडे पडतात." अख्खा ब्लॉक शंभराच्या आत येतो म्हणे. सिमेंट, चुना, राख आणि अॅल्युमिनियमची पूड. पाण्याचा पीएच ८.२ असायचा तो ८.९ झाला होता, आणि पीएच चढला की तोच अमोनिया माशांना जास्त विषारी होतो. फेरिक ऑक्साईडचं विचाराल तर धुताना लाल चिखल निघाला, शेवटपर्यंत. मुरूमच तो. नवा मीडिया रात्रभर आरओच्या पाण्यात ठेवा आणि सकाळी पीएच मोजा. नऊच्या पुढे गेला तर परत पाठवा.

मामा शिरपूरहून आले होते. त्यांचं एकच, "कसाले इतला पैसा पानीमा घालस रे भो?"

आता दाद मागायची कथा. पोलीस ठाण्यात हवालदाराने पहिला प्रश्न विचारला, माशांसाठी सोळा हजार? मग साहेबांना हाक मारून तोच विनोद पुन्हा सांगितला. ओटीपी दिला होता का? नाही. माल मिळाला ना? मिळाला. मग फसवणूक कसली, हा व्यवहारातला वाद. बँकेत गेलो, तर पिन तुम्हीच टाकलाय. ग्राहक हेल्पलाइनवर गेलो, तर तक्रार क्रमांक मिळाला आणि काही दिवसांनी 'विक्रेत्याशी संपर्क होऊ शकला नाही' असं लिहून तक्रार बंद. अहो, संपर्क होत असता तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो? ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्याने आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फीही नाही. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो. माझ्याकडे आहे कुरिअरची पावती आणि एक मोबाइल नंबर. पत्ता शोधणं कुणाचं काम, हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. जीएसटीचं बिल आणि पूर्ण पत्ता हातात आल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. पैसे गेलेच तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा, माझ्यासारखी मालाची वाट बघत बसू नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, बादलीसकट.

परवा चुलतभावाच्या नंबरवरून भाव विचारला. ठोकळा आता २,६५० चा झालाय.