लग्न लॉनवर आहे, तर अंदाज कोणाचा धरायचा: मोबाइल ॲपचा की वेधशाळेचा?

फेब्रुवारी ते मे या महिन्यांतलं लॉनचं काम घेतलं की मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, त्या दिवशी पाणी येते का हो?" आणि विचारता विचारता मोबाइल पुढे करतात. मी नागपुरात मंडप-डेकोरेशनचं काम करतो. उघडा स्टेज ठेवायचा की वॉटरप्रूफ डोम टाकायचा, यात खर्चाचा फरक बराच पडतो, म्हणून हा आढावा.

ॲपचं चांगलं आधी सांगतो. तासातासाचं दाखवतं, बेसा की कोराडी रोड तेही विचारतं. तापमानाच्या बाबतीत माझा अनुभव वाईट नाही. कूलर किती लावायचे हे मी त्यावरच ठरवतो. पण पावसाच्या बाबतीत ही जवळीक थोडी फसवी वाटते. हवामानाच्या ज्या जागतिक संगणक-मॉडेलांवर बरीच ॲप चालतात, त्यांच्या नकाशातली एकेक चौकट ९ ते १३ किलोमीटरची असते. अवकाळीचा ढग मात्र मानेवाड्यात झोडपतो आणि सदरला कोरडं ठेवतो.

वेधशाळेचं, म्हणजे आपल्या प्रादेशिक हवामान केंद्राचं पत्रक पहिल्यांदा वाचताना रुक्ष वाटतं. अख्ख्या जिल्ह्याला अंदाज एकच, आणि त्यात नरखेडपासून भिवापूरपर्यंत सगळं आलं. "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस" वाचून लोक म्हणतात, यातून काय समजायचं? समजण्यासारखं त्यात बरंच आहे. तुरळक म्हणजे पाऊस मोजणाऱ्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर, काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५० टक्के. इशाऱ्याच्या रंगांचंही तसंच: यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा.

माझा कल ज्यामुळे ठरला, ती गोष्ट अचूकतेची नाहीच. ॲप आपलं म्हणणं गुपचूप बदलतं. सकाळी ७० टक्के पाऊस दाखवतं, ग्राहक डोम सांगतो, माणसं पाइप घेऊन निघतात. दुपारी तेच ॲप उघडावं तर १५ टक्के, आणि सकाळचा आकडा कुठेच नाही. का बदलला, कधी बदलला, काही लिहिलेलं नसतं. ग्राहक मला विचारतो, "तुम्ही तर पाणी म्हणत होते ना?" आणि दाखवायला माझ्या हातात काही उरत नाही. पत्रकावर ते कधी दिलं ती वेळ असते, कोणत्या दिवसांसाठी ते असतं, देणारं कार्यालय असतं. अंदाज चुकला तरी कालचं आणि आजचं पत्रक शेजारी ठेवून काय बदललं ते बघता येतं. मला तरी विश्वास ठेवायला हेच लागतं.

वेधशाळेचं सगळंच बरोबर असतं, असं म्हणणं नाही. ३० मे २०२४ ला रामदासपेठच्या स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले आणि तो आकडा घराघरातल्या ग्रुपवर फिरला. शहराच्या आसपासची दुसरी काही केंद्रं ४४ च्या जवळ होती, एवढं पाहिलं असतं तरी शंका आली असती. नंतर खात्यानेच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. चुकीचा आकडा चुकीचा आहे, हे त्याच्या मालकानेच जाहीर केलं, आणि माझ्या मते त्याने खात्याची पत वाढलीच.

हॉलमध्ये लग्न असेल तर ॲप पुरे. उगाच पत्रकं धुंडाळू नका. दहा दिवस आधी कोणाचंच धरू नका, तेव्हा फक्त डोमचं साहित्य राखून ठेवायला सांगा. लॉनवर असाल तर आदल्या संध्याकाळचं पत्रक बघा आणि लग्नाच्या दिवशी दुपारपासून केंद्राचा पुढच्या तीन तासांचा इशारा आणि नागपूरच्या रडारचं चित्र. त्यात ढग कुठून कुठे सरकतात ते दिसतं, आणि साउंड-लाइट झाकायला तेवढा वेळ पुरतो. आदल्या संध्याकाळी यलो असेल तर मी डोम टाकायलाच सांगतो. ग्राहकाने ॲपमधलं कोरडं आकाश दाखवलं, तरी अजून एकदा सांगतो.