टाचेच्या दुखण्यावर जिन्याची पायरी: सात महिन्यांच्या वापरानंतर

सप्टेंबरअखेर डावी टाच धरली तेव्हा मुंबई मॅरेथॉनला साडेतीन महिने होते. माझी पहिलीच पूर्ण, 42.195 किलोमीटरची. चूक माझीच होती. रविवारची लांब धाव 18 किलोमीटरवरून थेट 24 वर नेली आणि त्याच आठवड्यात वेताळ टेकडीचे चढही दोनदा केले. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं लंगडत पडायची. टाचेच्या हाडाच्या तीन बोटं वर चिमटीत धरलं की कळ यायची. दुखत होती ती अकिलिस, पोटरीला टाचेशी जोडणारी जाड कंडरा.

तीन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली, दुखणं थांबलं. धावायला गेले, तर तिसऱ्या किलोमीटरला पुन्हा तेच. विश्रांतीने कळ शमते, पण कंडरेत ताकद येत नाही, हे तेव्हा कळलं.

मग फिजिओथेरपिस्टनी जो व्यायाम दिला तो स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन या अस्थिरोगतज्ज्ञांचा, 1998 सालचा. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, चांगल्या पायाने वर जायचं आणि दुखऱ्या पायावर भार देत टाच पायरीच्या खाली सावकाश सोडायची. 15 चे तीन संच गुडघा ताठ ठेवून, तीन गुडघा किंचित वाकवून. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला 180 वेळा, आठवड्याचे सातही दिवस, 12 आठवडे.

बारा आठवडे मोजले तर नेमका मॅरेथॉनचा आठवडा येत होता. त्या संध्याकाळी मी खूप रडले. आई म्हणाली, "अगं, शर्यत दरवर्षी असते, पाय एकच जोडी आहे." तिचं पटायला मला पंधरा दिवस लागले.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. पोटऱ्या इतक्या भरून यायच्या की जिना उतरवत नव्हता. व्यायाम करताना थोडं दुखलं तरी चालतं, हे आधी माहीत नसतं तर मी नक्की सोडून दिलं असतं. पाचव्या आठवड्यात सकाळची लंगड कमी झाली. सहज जमायला लागल्यावर पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची पाच किलोची पिशवी घातली, पुढे दहा किलो. खर्च शून्य, पण वेळ भरपूर जातो आणि कंटाळा येतो. दोन्ही वेळा जिन्यात उभं राहणं नोकरी करणाऱ्या बाईला सोपं नाही.

रविवारी ग्रुपची लांब धाव असायची. घरी बसवेना, म्हणून पाषाण रस्त्यावर खजूर आणि लिंबू-मिठाचं पाणी घेऊन उभी राहायचे. सगळे पुढे निघून गेले की घसा दाटून यायचा, तरी एकही रविवार चुकवला नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. दुखणं अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल, तर टाच पायरीच्या खाली सोडू नका. तिथे कंडरा हाडावर दाबली जाते. अशा वेळी सपाट जमिनीवरच करतात. आधी तपासून घ्या.

जानेवारीत मी धावले नाही. फेब्रुवारीत एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, इथून सुरुवात केली. आता मे चालू आहे. गेल्या रविवारी 14 किलोमीटर झाले आणि सोमवारी सकाळी टाच शांत होती. पायरी आठवड्यातून तीनदा अजून चालू आहे, उजव्या पायासाठीसुद्धा.