फ्रीकॅड १.० चे स्केचर: मापांची साखळी नेमकी कुठे अडते

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत आमचे जिग-फिक्स्चरचे (काम करताना वस्तू नेमक्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनांचे) छोटे वर्कशॉप असून तेथील ड्रॉइंगचे काम आता फ्रीकॅड १.० या संगणकावरील डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर चालते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली ही आवृत्ती मोफत आहे, हे लहान कारखानदाराला महत्त्वाचे आहेच. परंतु येथे मी केवळ तिच्या स्केचरविषयी, म्हणजे सपाट आकृती काढून तिला मापे देण्याच्या भागाविषयी लिहीत आहे, कारण नवशिक्याचा सर्वाधिक वेळ मापे देतानाच खर्ची पडतो.

आकृतीत किती मोकळीक उरली आहे याचा हिशेब स्केचर सतत ठेवते. या मोकळिकीला, म्हणजे आकृती अजून किती प्रकारे हलू वा बदलू शकते त्याला, तेथे डीओएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम) म्हणतात. आयताच्या टूलने मोकळ्या जागी काढलेल्या आयतात ४ डीओएफ उरतात, दोन लांबी-रुंदीचे आणि दोन जागेचे. तोच आयत मूळबिंदूभोवती सममित केला की दोनच मापे पुरतात, आणि काही सैल उरले नाही की आकृती हिरवी होते. उरलेल्या डीओएफच्या आकड्यावर क्लिक केल्यास सैल भाग निवडून दाखवला जातो, ही सोय मला फार आवडली.

खरी अडचण मापे कमी पडल्याने नव्हे, तर जास्त झाल्याने येते. आयटीआय करून आमच्याकडे आलेल्या मुलाने १२० मिमीच्या प्लेटवर दोन होलमधील अंतर १००, दोन्ही कडांपासून १०-१० आणि वर एकूण लांबी १२० अशी चारही मापे दिली. तीन मापे दिली की चौथे आपोआप ठरते. त्यामुळे आकडे जुळत असूनही सॉफ्टवेअरने चौथे माप अनावश्यक ठरवले. त्याने १२१ टाकले असते, तर मापे परस्परविरोधी असल्याचा इशारा आला असता. अनेकांना हा सॉफ्टवेअरचा हट्ट वाटतो. मला तसे वाटत नाही: प्रत्येक मापाला ±०.१ मिमी सूट (टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक) दिली तर तीन मापांच्या साखळीत ती ±०.३ होते, आणि एकूण लांबीला पुन्हा ±०.१ लिहिणारे ड्रॉइंग कोणताही मुरलेला इन्स्पेक्टर परतच पाठवील. चौथे माप दिसायला हवेच असेल, तर ते संदर्भमाप करावे. मग ते निळे होते आणि आकृतीला न बांधता केवळ आकडा दाखवते.

मापांप्रमाणेच रेषा आडवी किंवा उभी राहावी अशा अटीही आकृतीला बांधतात; या सर्वांना बंधने म्हणतात. रेषा काढताना आपोआप लागलेले आडवे-उभे बंधन लक्षात न आल्याने तेच पुन्हा लावले जाते, हे अनावश्यकतेच्या इशाऱ्याचे दुसरे नेहमीचे कारण. दोन रेषांची टोके जुळल्यासारखी दिसून प्रत्यक्षात सुटी असतील, तर स्केचमधून बाहेर पडून स्केच तपासणीचे टूल वापरावे.

उणीव इशाऱ्याच्या भाषेत आहे. त्यात बंधनांचे केवळ क्रमांक येतात. साठ-सत्तर बंधनांच्या स्केचमध्ये नेमके कोणते काढावे हे आपल्यालाच ठरवावे लागते. अनावश्यक बंधने आपोआप काढण्याचा पर्याय आहे, पण कोणते गेले ते नजरेतून सुटते, म्हणून मी तो बंद ठेवतो. आधीच्या पृष्ठभागाच्या कडेवरून घेतलेली मापे मॉडेल बदलल्यावर तुटण्याचा जुना दोष या आवृत्तीत बराच कमी झाला असला, तरी पुरता गेलेला नाही. त्यामुळे होलची मापे आम्ही अजूनही मूळबिंदूपासूनच देतो.